दस्तगीरच्या घरची ईद

दस्तगीर गेला. मी त्याला माफ केलेलं नाही.

आज सकाळी त्याच्या कबरीवर तीन मुठी माती टाकून आलो. तरीही नाही.

साठचं दशक. तासगावजवळचं आमचं गाव. दस्तगीरच्या बापाचं गाद्या भरायचं दुकान. आम्ही नुकतेच बौद्ध झालेलो. आम्ही बदललो होतो, गाव बदललं नव्हतं. हॉटेलात आमचा कप वेगळा, बाहेरच्या खिळ्याला अडकवलेला.

त्याच गावात एक घर होतं, जिथं ईदला मी दस्तगीरच्या ताटात जेवायचो.

ईदगाहवरून तो सरळ आमच्या वस्तीत यायचा. अंगाला अत्तर, नवा कडक सदरा. आधी मला मिठी, मग घरी जाऊन स्वतःच्या आईला सलाम.

त्याची आई आमीनाबी. रमजान लागला की ती माझ्या आईला बोलावून घ्यायची. दोघी मागच्या परड्यात पाटावर शेवया वळायच्या. आईच्या शेवया केसासारख्या. आमीनाबी म्हणायची, या बाईची बोटं माझ्या घरात काढून ठेवायला पायजेत.

विशीत मी सभा गाजवू लागलो. प्रत्येक भाषणात हे घर असायचं. जात कशी मोडायची विचारता? जा, ते ताट बघून या!

टाळ्या पडायच्या. पहिल्या रांगेत दस्तगीर छाती काढून बसलेला.

त्या वर्षी ईद ऐन हुरड्यात आली. आम्ही दोघं सोप्यात एका ताटावर. शिरखुर्मा नुकता वाढलेला. बाहेर पाटलांचा आवाज आला. दुकानाची जागा पाटलांची.

दस्तगीरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गड्या, जरा मागं परड्यात बस. मालक जाईस्तवर."

त्याचा बाप बोलला नाही. आई बोलली नाही. हा बोलला.

परड्यात शेवयांचा पाट भिंतीला उभा होता. मी त्याच्याशेजारी. आतलं सगळं ऐकू येत होतं. पाटलांनी वाटी संपवली, आणखी मागितली. म्हणाले, शेवया लय बारीक, कुणाचा हात?

दस्तगीर म्हणाला, "आमच्या आईचा, मालक."

मी एक वाक्य बोललो असतो तर वाटी खाली पडली असती, आणि दुकानही गेलं असतं. आयुष्यभर बोललो, तेवढं वाक्य बोललो नाही. परड्याच्या दारानं घरी आलो.

पाटलाचा मला राग नव्हता. त्याच्याकडून मी काही मागितलंच नव्हतं.

ज्याचं घर मी स्टेजवर मिरवलं, त्यानं मला उठवलं.

पुढच्या रमजानला आई पुन्हा शेवया वळायला निघाली. मी दारात आडवा.

"शेवया आमीनाच्या हायत," ती म्हणाली. "तुझं भांडण दस्तगीरशी हाय. सर बाजूला."

कित्येक वर्षांनी सांगलीच्या एका सभेत मी पुन्हा ते घर सांगितलं. या वेळी परड्यासकट, पण नाव न घेता. खुर्च्या रिकाम्या असताना दस्तगीर सगळ्यांच्या मागं उभा होता. सभा संपल्यावर जवळ आला.

"नाव का घेतलं न्हाईस रं?"

"घेतलं असतं तर?"

"लोकांनी इचारलं असतं. मग सांगितलं असतं, व्हय, मीच त्यो. आन् शेवया ह्याच्या आईच्या हुत्या."

मी पुढंही कधी नाव घेतलं नाही. एवढं सोपं त्याला करून द्यायचं नव्हतं.

आज कब्रस्तानात कडेला उभा होतो. त्याच्या मुलानं बघितलं. "काका, मागं का? पुढं या."

पुढं गेलो.

राग होता तेवढाच आहे. पण ज्यांनी माझी भाषणं ऐकली, त्यांच्यासाठी ही पोस्ट.

त्याचं नाव दस्तगीर. मला परड्यात बसवणारा तोच. ईदगाहवरून येऊन आधी मला मिठी मारणाराही तोच.

आणि शेवया माझ्या आईच्या होत्या.

घेतलं नाव, गड्या.

आता नीज.