त्या दिवशी आमी जास्त होतो

बायकोले ठाऊक नाही. माह्या गटातल्या लोकायले ठाऊक असून ते बोलत नाहीत. तुमाले काहून सांगून राह्यलो, तेही मले धड समजत नाही — पन आता पोटात राहत नाही, बाप्पा.

वाशीम जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या नगरपंचायतीत मी विरोधी गटाचा नेता. दरसाली बजेटची सभा आली की आमचं काम ठरलेलं — अध्यक्षानं बजेट मांडलं की उठायचं, ओरडायचं, अन् मतदानाच्या आधी बाहेर पायरीवर येऊन फोटो काढायचा. आत बजेट मंजूर, बाहेर आमची वाहवा. मंग सारे मिळून चहा. रीतच पडून गेली होती. कोनाचं काय बिघडत होतं त्यात?

त्या सालच्या बजेटात नाल्यावरच्या पुलाचा पैसा काढून गावच्या कमानीले लावला होता. नाल्यापलीकडं सुमनबाईची वस्ती. पावसाळ्यात नाला भरला की तिकडचा मानूस तिकडंच. तिची सून तवा पोटुशी होती. सभेच्या आधी सुमनबाई घरी आली. "भाऊ, यंदा पूल सोडू नका," म्हने. मी म्हटलं, "मी हाव ना!" — मोठ्या तोऱ्यात.

अन् सभेत पाह्यतो तं काय, अध्यक्षाच्या गटाचे तिघं लग्नाले गेलेले. आमी जास्त होतो! नुसतं बसून विरोधात हात वर केला असता, तं बजेट पडत होतं. अध्यक्ष घामाघूम. माह्या बाजूचा हळूच म्हने, "भाऊ, आज बसाचं का?"

मी उठलो. घोषणा देल्ली. सारे माह्या मागं बाहेर.

काहून? कोनाचा फोन नव्हता, कोनी पाकीट देल्लं नव्हतं — देल्लं असतं तं सांगाले सोपं गेलं असतं. मले भेव वाटलं. बजेट पडल्यावर अध्यक्ष म्हनला असता, "मंग आता तुमीच करून दाखवा" — तं? इतकी वर्सं त्या बजेटच्या नावानं शिमगा केला, पन ते पुस्तक मी कधी उघडूनही पाह्यलं नव्हतं. माही पोल खुलली असती. बस, एवढंच.

कमान झाली. पावसाळ्यात नाला भरला अन् त्याच दिवशी सुनेले कळा सुटल्या. जीप इकडच्या काठावरच उभी राह्यली. सून वाचली. लेकरू नाही वाचलं.

भेटाले गेलो. न जाऊन कसं चालते? सुमनबाईनं पदरानं खुर्ची पुसली, चहा केला. साऱ्या वस्तीपुढं म्हने, "भाऊच एकटे आमच्यासाठी भांडले. बाकी कोन इचारते आमाले?"

मी मान डोलावली. अन् चहा पिऊन घेतला.