पाणी पोहोचल्याची खबर

अन्याय माझ्या बाबांवर झाला. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, आमच्या भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात. सापाचं इंजेक्शन तिथे होतं. कपाटात होतं, काचेतून दिसत होतं. कपाटाला कुलूप होतं आणि चावी ज्यांच्याकडे ते तालुक्याला मीटिंगला गेले होते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे ते आमच्या तलावाच्या देवीच्या, मातामायच्या, कृपेचं आहे, आणि कृपेच्या गोष्टीत असे गुन्हे विरघळून जातात. मी विरघळू देणार नाही.

मी पत्रकं लिहिणारी पोरगी. तलावांतला गाळ, पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, अतिक्रमणं, बुजवलेले पाट, यावर गावोगाव बोलत फिरते. आमच्या गावचा तलाव आमच्याच पूर्वजांनी खोदला, म्हणून तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडायचा मान आमच्या घराकडे आहे. त्याची रीत अशी: पाळीवरच्या मातामायला नारळ फोडायचा, अनवाणी उतरायचं, तुडूम उघडायची आणि तोंड मिटून बसायचं. शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी पोहोचलं की तिथलं कोणीतरी पाटाच्या कडेने वर येतं आणि म्हणतं, "पोहोचलं." तोवर उघडणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही. बोललं तर पाणी वाटेतच जिरतं म्हणतात. या रीतीला मी घरात उघड हसत होते. देव मानत नव्हते असं नाही, पण माझ्या देवाशी माझं भांडणच जास्त होतं.

त्या दिवशी ताईचं साक्षगंध होतं, साखरपुडाच म्हणा. अंगणात मंडप, आईच्या हातात एकाच वेळी दोन झारे, आणि नेमका धान पोटरीवर आलेला, पाऊस गेलेला. बाबा म्हणाले, पाणी आजच सोडतो, पाहुणे बारापर्यंत येतील. पाहुणे दहालाच आले. आई मला म्हणाली, "जा वं, तुह्या बापाले घेऊन ये. इवाई दारात अन् हे पाळीवर!" मी तणतणत गेले.

बाबा मोहाच्या झाडाला टेकून बसले होते. मी लांबूनच सुरू झाले. म्हटलं, व्याही आले, ताईचे सासरे, तुम्ही काऊन बसून राहिले? ते बोलले नाहीत. मग मी थांबले नाही. तुमची माय काय पाणी देते, पाणी तर पणज्यांच्या कुदळीचं आहे, पोरीच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या दिवशी तुम्हाला हे मौन सुचतं, असलं सगळं. व्यासपीठावर बोलते तसं बोलले. चांगली पंधरा मिनिटं. बाबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या पापण्या खाली येत होत्या. मला वाटलं, कंटाळले. उजवा पाय त्यांनी धोतराने झाकला होता. ते मी पाहिलं, आणि त्याचं काहीच केलं नाही.

तेवढ्यात पाटाच्या कडेने एक बाई आली. साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली, पाय चिखलाने भरलेले, गावातली नव्हती. शेवटच्या बांधीवाल्या काकांना ताप होता, म्हणून त्यांच्याकडे पाहुणी आलेली त्यांची भाची खबर द्यायला आली होती. राजनांदगावच्या दवाखान्यात नर्स आहे, हे मला नंतर कळलं. "पोहच गया पानी," ती म्हणाली, मग मामाने शिकवलेला शब्द आठवून हसत म्हणाली, "पोहोचलं." बाबांनी तोंड उघडलं. जीभ वळत नव्हती. एवढंच म्हणाले, "नाग... चावला."

तुडूमच्या तोंडाचं गवत काढताना चावला होता. तासभर झाला होता, हे नंतर कळलं. तासभर हा माणूस शेवटच्या बांधीसाठी गप्प बसला होता आणि त्यातली पंधरा मिनिटं माझी शिवीगाळ ऐकत होता. मला राग कुणाचा यावा हेच कळेना. बाबांचा, रीतीचा, माझा, पाळीवर शेंदूर लावून बसलेल्या त्या दगडाचा. त्या बाईने मात्र रागाला वेळच दिला नाही. पाय पाहिला, पापणी बोटाने वर करून पाहिली. "गाडी?" एवढंच विचारलं.

मी घराकडे धावले. गाडी पाहुण्यांची होती. ताईच्या सासऱ्यांनी फेटाही उतरवला नाही, स्वतःच स्टिअरिंगवर बसले. आई म्हणाली, "तुम्ही पाहुणे, तुम्हाले कायले तरास?" ते म्हणाले, "सोयरीक मागून होत राहील बाई. आधी इवाई तर जगू द्या."

आरोग्य केंद्रातलं वर सांगितलंच. तिथला कर्मचारी खुर्चीतून उठला नाही. "चावी नाही. गोंदियाले घेऊन जा." मी कपाटाच्या दारावर थापा मारत होते, ओरडत होते. त्याने मला शांतपणे सांगितलं, "सरकारी मालमत्ता हाय, मॅडम." त्या बाईने भिंतीवर टांगलेला श्वास द्यायचा रबरी फुगा काढला. "रजिस्टरवर सही लागते," तो म्हणाला. ती म्हणाली, "भैया, लौट के करूँगी," आणि चालू लागली.

वाटेत बाबांचा श्वास थांबत आला. ती मागच्या सीटवर त्यांची हनुवटी वर धरून फुगा दाबत होती. अर्ध्या रस्त्यात तिचे हात थकले. तिने फुगा माझ्या हातात दिला. मी दाबला तो रागाने. कुलपाला दाबावं तसा. तिने माझ्या हातावर चापट मारली. "गुस्सा बाद में. इतना जोर से नहीं. दबाओ, फिर छोड़ दो. छोड़ोगी नहीं तो हवा भरेगी कैसे?" मी सोडला. फुगा आपोआप भरला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा मी मातामायशी भांडले नाही, मागितलंही नाही काही. दाबताना "माय", सोडताना "तुझं". इतकंच तोंडात येत होतं, कुठून आलं ठाऊक नाही. गोंदियाजवळच्या मुर्रीची घरं दिसू लागली तेव्हा बाबांची छाती माझ्या हाताच्या तालावर वर येत होती, खाली जात होती. त्यापुढचं माझ्या हातात काही नव्हतं, आणि मला त्याची भीती वाटत नव्हती.

गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, श्वासाचं मशीन मिळालं. चौथ्या दिवशी बाबांनी आईला चहा मागितला. साक्षगंध नंतर झालं. त्या बाईला फोन केला तेव्हा मी रडले, आणि ती म्हणाली, "मैं तो पानी की खबर देने आई थी, बस." बाबा म्हणतात, मायनेच पाठवली. मी वाद घालत नाही. ज्या रीतीने त्यांना तासभर गप्प ठेवलं, त्याच रीतीने तिला पाटाने वर आणलं. मी दोन्ही गोष्टी तशाच ठेवते, एकीने दुसरी पुसत नाही. बाबांना एक मात्र वचन द्यायला लावलं: पायात गमबूट घालतील. मायची हरकत नाही, मी विचारलं.

पण लोक मला म्हणतात, बाबा वाचले ना, आता सोडून दे, सगळं मायवर सोपव. सोपवलं आहे. श्वास सोपवला, बाप सोपवला, माझा ताठा सोपवला. कुलूप सोपवणार नाही. कुलूप मायने लावलं नाही, माणसाने लावलं. शरण तिला जायचं असतं, खुर्चीतून न उठणाऱ्याला नाही.

तेव्हा हे वाचून हात जोडू नका. उद्या सकाळी तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात जा. सापाचं इंजेक्शन आहे का विचारा. आहे म्हणाले तर दाखवा म्हणा. चावी कुणाकडे, आणि तो माणूस नसेल तेव्हा कुणाकडे, हे विचारा. कपाट तुमच्या डोळ्यांदेखत उघडेपर्यंत तिथून हलू नका.