मेंदूचं घरगुती औषध

पाळी जवळ आली की मला फिट यायची. सासूबाईंच्या मते मी देवाला शिवल्याचा तो कोप होता, म्हणून त्या मला पाळीच्या आधीच गोठ्याशेजारी बाहेर बसवायच्या. मी धुमसत बसायचे.

शेवटी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समजावलं. बाईच्या अंगातल्या एका हार्मोनपासून मेंदू स्वतःच औषध बनवतो आणि ते पेशींवरचा ब्रेक दाबून धरतं. पाळीआधी ते आटतं, ब्रेक सैल होतो आणि फिट येते. गरोदरपणात मात्र ते भरभरून असतं.

लेक पोटात असताना मला एकदाही फिट आली नव्हती. मी थक्क झाले.

परतताना इंदापूरच्या एसटीत सासूबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

"म्हंजी देव हितं हाय," त्या म्हणाल्या, "आन् आमी त्यालाच बाहेर बसवत हुतो."