सुधा आणि तेलावरची गाडी

माझी धाकटी बहीण खोटारडी होती.

हे मला या महिन्याच्या आठ तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कळलं.

आज सुधाला जाऊन एक वर्ष झालं. तुम्ही सगळे तिच्या फोटोखाली हात जोडाल, 'किती गोड स्वभाव' असं लिहाल.

जरा थांबा.

आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. दोघींनी लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावर एका घरात राहिलो आणि एक जुनी डिझेल गाडी घेतली. ती तळणीच्या उरलेल्या तेलावर चालवायची, ही कल्पना माझी. डिकीत तेलाची वेगळी टाकी बसवून घेतली. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की डॅशबोर्डवरचं बटण दाबून तेलावर घ्यायची.

सुधा म्हणाली, "ताई, तू म्हणशील तसं."

पहिल्या दिवाळीनंतर गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. आयडलिंग धरेना. इंजिन थरथरायचं, गुरगुरायचं, मग गप्प. अॅक्सिलरेटर दाबला तर आधी काहीच नाही, मग एकदम उसळी.

मी फिल्टर उघडला. आत मेणासारखा पांढरा थर! बिल्डिंगमधल्या बायकांनी करंज्या तळल्या होत्या वनस्पती तुपात आणि मला उरलेल्या तेलाचे डबे देताना सांगितलं शेंगदाणा तेल. थंडीत ते सगळं गोठून बसलं होतं.

फिल्टर बदलला. जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून तेल दोनदा गाळायला लागले. फुगलेली रबरी नळी बदलली. शेवटी पंपावरचा आयडलचा स्क्रू अर्धा आटा पिळला.

गाडी सुतासारखी सरळ झाली.

हा अर्धा आटा मी तुम्हाला लग्नांत, बारशांत, ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत ऐकवला आहे. सुधा शेजारी बसून मान डोलवायची.

"आमच्या ताईचं मशीनसुद्धा ऐकतं," असंही वर म्हणायची.

दर शनिवारी ती गाडीत हवा भरायला गव्हाण गावाला, जनार्दन पाटलांच्या गॅरेजमध्ये जायची.

हवा भरायला गव्हाणला! पनवेलची हवा संपली होती का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

ती गेल्यावर मी गाडी फारशी काढली नाही. गेल्या महिन्यात काढली, तर पुन्हा तेच. थरथर, गुरगुर, गप्प.

डिझेलचा काटा तळाला होता. पण डिझेल तर फक्त स्टार्टिंगपुरतं, ते संपेल कसं? काटा बिघडला असं मी धरलं. डिकीतलं तेल कमी होत नव्हतं, म्हणजे ते इंजिनपर्यंत पोहोचत नव्हतं. फिल्टर बदलला. अॅक्सिलरेटरची केबल बदलली. स्क्रू एक आटा, दीड आटा. या वयात गाडीखाली आडवी झाले.

शेवटी जनार्दन पाटलांना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि स्वतःच्या चपलांकडे बघत उभे राहिले.

"मोठ्या बाय, डिझेल भरा."

"डिझेल स्टार्टिंगला लागतं, दादा. मला शिकवू नका."

"नाय. गाडी पूर्न डिझेलवरच हाय. तेलाची नळी मी सात वर्सांपूर्वी बंद केली. बटनाचा नुसता दिवा लागतो."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"धाकट्या बायनी."

मग सगळं बाहेर आलं. शनिवारी गाडीत डिझेल भरलं जायचं. मी गाळून ठेवलेलं तेल डिकीतून काढलं जायचं आणि जासईच्या कंटेनर यार्डातले ट्रेलरवाले ते साखळ्यांना फासायला न्यायचे.

सहा वर्षं मी साड्या फाडल्या त्या साखळ्यांसाठी.

"पण का?"

"कळंबोलीच्या सर्कलला गाडी बंद पडली व्हती नं तुमची? मागनं ट्रेलर आलेला. त्या दिसापासून त्या जाम भ्यायल्या व्हत्या. माझ्याकडं येऊन रडल्या. मी बोललो, ताईंना सांगा. त्या बोलल्या, तुमीच सांगून बघा."

"मग?"

"मग आमी पन नाय सांगितलं."

तो ट्रेलर मला आठवतो, माझ्या अर्ध्या आट्याच्या आधीचाच. हॉर्न वाजवत वीतभर अंतरावर येऊन थांबला होता. मी खाली उतरून ड्रायव्हरला चांगलं सुनावलं होतं. सुधा गाडीतच बसून राहिली. घरी येताच आडवी झाली.

मला वाटलं, ऊन लागलं.

सुधा, भांडायचं होतंस.

ते बटण उपटून फेकायचं होतंस. "ताई, मी या गाडीत बसणार नाही," असं एकदा म्हणायचं होतंस. मी चार दिवस धुसफुसले असते, पाचव्या दिवशी तूच चहा केला असतास.

त्याऐवजी तू माझ्या हातात खेळणं दिलंस आणि मला सहा वर्षं खेळवत ठेवलंस.

आता बाकीच्यांसाठी.

जनार्दन पाटील म्हणतात, हे पुष्कळांना ठाऊक होतं. आमच्या वॉचमनला होतं. विचुंब्याच्या भाचीला होतं. म्हणजे माझं अर्ध्या आट्याचं भाषण तुम्ही सगळं माहीत असताना ऐकलंत, आणि टाळ्या वाजवल्यात.

ज्यांना माहीत होतं त्यांनी याच पोस्टखाली, स्वतःच्या नावानिशी, लेखी उत्तर द्यावं. मुदत येत्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. फोन करू नयेत. हात जोडलेली चित्रं टाकू नयेत.

प्रश्न एकच आहे.

माझी पाठ वळली की सुधा हसायची का?

हसत असेल तर तसं लिहा. पोट धरून हसली असेल तर तसं लिहा. मला चालेल.

ती मला घाबरायची, म्हणून गप्प राहिली, असं असेल तर तेही लिहा.

सुधाला श्रद्धांजली मी उत्तरं वाचून वाहीन.