राखून ठेवलेली खूण

आमच्या बस स्थानकात गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे भोंगाबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "भोंग्याचं निदान ऐकतात तरी. तुमचं घरी कोण ऐकतं?" असं त्या चालकांना सुनावायच्या. एकतीस वर्षं त्या एकाच काचेच्या खोलीत बसल्या. चुकलेलं मूल सापडलं की त्यांच्याच टेबलाशी आणून बसवायचं, अशी पद्धत होती.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशीच एक मुलगी आणून बसवली होती. बाईंनी माईकवरून सगळं नीट सांगितलं: लाल फ्रॉक, पांढरे बूट, उजव्या भुवईवर तीळ. पाच मिनिटांत एक बाई आली. तिनं तिन्ही गोष्टी न चुकता सांगितल्या, सही केली आणि मुलीला नेलं. मुलगी मुकाट तिचं बोट धरून गेली. अर्ध्या तासानं मुलीची आई आली.

ती मुलगी पुन्हा सापडली नाही. चौकशीत बाईंवर ठपका आला नाही. सगळं नियमानुसार झालं होतं. पण तेव्हापासून त्या प्रत्येक मुलाची एक खूण राखून ठेवू लागल्या. ती माईकवर सांगायची नाही. न्यायला येईल त्यानं सांगायची. आणि बोलता बोलता त्यांची नजर खिडकीपुढून जाणाऱ्या बायकांच्या भुवयांवर जाई. आधी शाळकरी मुलींच्या, मग कॉलेजातल्या, अलीकडे तिशीतल्या.

गेल्या वर्षी एका दुपारी तीनेक वर्षांची मुलगी आली. नाव विचारलं तर नुसती हुंदके देई. घोषणा झाली आणि एक माणूस धापा टाकत आला. "माझी पोरगी! पिवळा फ्रॉक, तुटकी चप्पल. तिकीट काढेपर्यंत हात सुटला हो." मुलीनं हात पसरले.

"आणखी एक खूण सांगा. फ्रॉकचीच," बाई म्हणाल्या.

तो आठवत राहिला. त्याला सांगता येईना.

स्थानकाच्या चौकीतले हवालदार म्हणाले, "अहो बाई, पोर झेपावतंय त्याच्याकडे."

"मघाशी चहावाल्याकडेही झेपावली होती. त्याला देऊ का?"

"बाप फ्रॉक निरखत बसतो का?" तो माणूस ओरडला. "तुम्हाला मूलबाळ नसेल, म्हणून माझा जीव घेताय!"

बाईंना दोन मुलगे होते. "हिच्या आईला बोलवा," एवढंच म्हणाल्या. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली. एकाच हातानं माईक धरून त्या गाड्या सांगत राहिल्या.

आई पावणेचारला पोचली. रडतच म्हणाली, "फ्रॉकला काय असणार? उसवला होता तो मी शिवलाय. पांढरा दोरा संपला होता, म्हणून आतून हिरवा घातलाय."

बाईंनी घेर उलटून पाहिला. सही घेतली, मुलगी दिली. आम्ही सुटलो म्हणालो. पण बाईंनी पर्स उचलली आणि मला, स्थानकप्रमुखाला, म्हणाल्या, "साहेब, माझी अर्ध्या दिवसाची रजा मांडा." आणि त्या तिघांच्या पाठोपाठ गाडीत चढल्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "एवढी खूण पटली, मग कशाला गेलात?"

"दोरा काय, अंघोळ घालताना कुणालाही दिसतो," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घराशी पोचलो, तर शेजारणीनं हाक मारली पोरीला. पोरगी धावत आत गेली, चपला काढल्या आणि न बघता खाटेखाली सारल्या. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला."

"झालं तर मग."

त्यांनी माईकची धूळ पदरानं पुसली. बटण दाबलं नाही.

"परतीच्या गाडीत बसले तेव्हा पुन्हा शंका यायला लागली," त्या म्हणाल्या. "चार दिवस ठेवलं, की मूल कुठल्याही घरात चपला सारायला शिकतं हो."