मागून आणलेलं झबलं

दारव्ह्यातल्या समस्त नातेवाइकांस, शेजाऱ्यांस आणि रोज सकाळी आमच्या ओट्यावर फुकट पेपर वाचायला येणाऱ्या सज्जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पुढील आदेश होईपर्यंत आमच्या घरात 'झबलं' या शब्दाच्या उच्चारास सक्त मनाई आहे. 'टोपडं', 'दुपटं' आणि 'लंगोट' हे शब्दही याच कलमाखाली येतात. 'पाळणा' म्हणणाऱ्यास चहा मिळणार नाही.

हुकूम माझा नव्हता. आमच्या घरात हुकूम काढणारं खातं वेगळं आहे. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली त्या दिवशी मी उत्साहाच्या भरात बाजारातल्या एका दुकानातल्या झबल्यांचा विषय काढला. पोळी लाटता लाटता बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की तो विषय मी वरणाबरोबर गिळून टाकला.

कारण सांगतो. मुलीचं हे दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी सगळं सातव्या महिन्यातच संपलं. तेव्हा तिनं हौसेनं आधीच खरेदी करून ठेवली होती, इवलेइवले मोजे, कानांची टोपी, बदकांचं चित्र असलेली गादी. खरेदीचा आणि त्या गोष्टीचा काडीचाही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मला पटलं, जावयाला पटलं. बायकोला पटलं नाही. मुलीला पटलं की नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ती फक्त 'बाळ' म्हणायची बंद झाली. या वेळी नववा महिना लागला तरी पोटातल्या जिवाला ती 'रिपोर्ट' म्हणायची. "रिपोर्ट चांगला आहे." "आज रिपोर्ट सकाळपासून लाथा मारून राह्यला." मी हसायचो, पण हसून झाल्यावर बरं वाटायचं नाही.

शेवटच्या तपासणीला आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरनं जाता जाता सांगितलं, "येताना बाळाचे कपडे आणा. नवे नको, जुन्या मऊ सुती कापडाचे, चांगले धुतलेले. उन्हाळा हाये म्हणून उघडं ठेवू नका, अन् ते नायलॉनचं फुलाफुलाचं काही घालू नका." मायलेकींनी माना डोलावल्या. परतीच्या एसटीत तिघंही खिडकीबाहेर पाहत बसलो. खिडकी एकच होती.

पण 'नवे नको' हे दोन शब्द मी खिशात घालून आणले होते. घरी येताच बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

"जुनं मागून आणलं तर? मागणं म्हणजे काही खरेदी नाही."

आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, ज्या लेकराची फार धास्ती असेल त्याला मागून आणलेल्या कापडात गुंडाळावं. म्हणजे संकट दाराशी आलंच तर त्याला वाटतं, हे भिकाऱ्याचं पोर दिसते, आणि ते पुढे जातं. मला संकट इतकं बावळट वाटत नाही. पण त्या दिवशी मी त्याच्या बावळटपणावर पूर्ण विश्वास ठेवायला तयार होतो.

बायकोनं गॅस बंद केला, पुन्हा लावला. "मागून आणलेलं चालते," ती म्हणाली. "पण दुकानाची पायरी चढसान तर पाहा!"

खांद्याला झोळी अडकवून मी निघालो. कॉलेजच्या नाटकांत मला कायम शिपायाचं काम मिळालं. याचकाची भूमिका पहिल्यांदाच वाट्याला आली होती, आणि ती मी मन लावून केली. पहिल्याच दारात आवाज दिला, "वहिनी, जुनं सुती कापड वाढा हो!"

"सुती?" वहिनी विचारात पडल्या. "आता सुती कोण नेसते, भाऊ? हे न्या. कसं सुळसुळीत हाये पाहा, इस्त्रीची गरज नाही."

माझी उमर जिनिंगच्या कारखान्यात सरकी काढलेल्या कापसाची प्रत पाहण्यात गेली. कापड बोटांत चोळलं आणि हात जोडले. "वहिनी, यात लेकरू गुंडाळलं तर घसरून थेट बसस्टँडवर जाईन."

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांनी ज्या गावचा रस्ता अडतो, त्या गावात कपाटामागून कपाट उघडत गेलं आणि आत सगळं पॉलिस्टर! गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या आजोबांच्या ओट्यावर मी हताश होऊन टेकलो.

"धोतर पायजे? लेकराले?" आजोबा म्हणाले, आणि उठून नेसूचंच सोडायला लागले.

आतून सून किंचाळली, "मामाजी, दोरीवरचं द्या वो!"

दोरीवरचं मिळालं. मऊ, विरलेलं, हवं तसं. पलीकडच्या घरातल्या काकू बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना वर्षानुवर्षं एक पांढरी सुती साडी नेसायच्या. ती त्यांनी ट्रंकेतून काढली, झटकली, पुन्हा नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी आभार मानायला लागलो, तर म्हणाल्या, "आभार राहू द्या. पोट्टी झाली तरी पेढेच पायजे. बर्फीवर भागवू नका."

सगळं कापड उकळून, कडक उन्हात वाळवून बायकोनं पुढच्या खोलीत सतरंजीवर पसरलं. ही बाई अर्ध्या गल्लीची ब्लाउजं शिवते. बोलता बोलता कात्री चालवते. त्या दुपारी तिनं खडू घेतला, रेघ ओढली, कात्री उचलली आणि खाली ठेवली.

"माह्या हातानं नाही होत," ती माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाली. "मांगच्या टायमाले कुंची म्याच शिवली होती."

इतके दिवस मी तिला अंधश्रद्ध समजत होतो. ती स्वतःच्या हातांना भीत होती.

मुलगी बाजूच्या दिवाणावर आमच्याकडे पाठ करून पडली होती. हातात मोबाइल होता, पडदा काळा. तिनं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी कात्री घेतली. माझ्या मते हे काम सोपं होतं. मला कपड्यांतलं एकच कळतं, ते म्हणजे बंडी, आणि बाळ म्हणजे लहान आकाराचा माणूस. धोतराची घडी घातली, दोन बाह्या कापल्या, मधोमध गोल गळा कापला, उरलेल्या तुकड्याचा चौकोन केला.

"हे काय करून राह्यले?" बायकोनं विचारलं.

"खिसा."

"खिसा? कायले?"

"माणसाला खिसा लागते. डाव्या अंगाला लावू का उजव्या?"

बायको तोंडाला पदर लावून हसू दाबायला लागली. मी धावते टाके घातले, टाक्यांपेक्षा बोटांनाच सुई जास्त टोचली, आणि तयार झालेली ती वस्तू दोन्ही हातांनी वर धरली. मुद्दाम केलं नव्हतं हो. मला खरंच तेवढंच येतं.

दिवाण करकरला. एक हात कंबरेवर ठेवून मुलगी उठली. माझ्या हातातून ती बंडी ओढून घेतली, उलटी केली, सुलटी केली, खिशात एक बोट घालून पाहिलं. मग गळ्यातून हात घातला. बोटं गेली, आणि हात तळव्याशी अडकला.

"हे असं वरून घालतात का? समोरून उघडं ठेवा, नाड्या लावा," ती तावातावानं बोलायला लागली. "दिवसातून दहा वेळा ओलं होईन, दर वेळी मानेवरून काढसान काय?" आणि मग गळ्यात अडकलेला तो हात आईपुढे नाचवत ओरडली, "आई, घे व ते कात्री बाबाच्या हातातून! माह्या लेकराचं डोकं काय लिंबाएवढं हाये काय?"