सहा पांढऱ्या कपांचा सुका

सुका धोडीला पाणी आधी नाकाने कळे, मग डोळ्यांनी. मनोरजवळच्या एका पाड्यावर जन्मलेला, चौथीपर्यंत शिकलेला हा वारली माणूस अकरा वर्षे सरकारी आरोग्य खात्यात विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकत हिंडला. त्याच्यामुळे पटकीच्या किती साथी टळल्या, हे कोणत्याही अहवालात सापडणार नाही. अहवाल लिहिणारे विहिरीपर्यंत क्वचितच पोचत. पाड्यांवरच्या बायकांनी मात्र त्याची आठवण चांगलीच ठेवली होती. तो लांबून दिसला की त्या हंडे उचलून म्हणत, "आला बघा पाणी बाटवणारा!"

त्याचे सारे वैभव एका लाकडी पेटीत मावे. तिच्यात सहा पांढरे कप होते, एक काळा कप होता आणि औषधाची एक बाटली. पांढऱ्या कपात विहिरीचे पाणी घ्यायचे आणि बाटलीतले तीन थेंब टाकायचे. पाण्यातला क्लोरीन जिवंत असेल तर कप निळा होई. मेला असेल तर पांढराच राही. तो खाते सोडून निघाला त्याच सुमारास नवी पेटी आली, तेव्हा एका कपाचा टवका उडालेली जुनी पेटी सुकाने मागून घेतली. निरोपसमारंभाच्या नावाखाली त्याला खात्याकडून मिळालेली तेवढीच वस्तू.

तारापूरला वीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले आणि परदेशी इंजिनिअरांच्या कुटुंबांसाठी सुरूच्या बनाआड एक वसाहत उभी राहिली. तिच्यात पोहण्याचा तलाव होता. जवळच्या नवापूर गावच्या मच्छीमारांची त्यावर हसून मुरकुंडी वळली. "दर्या दारात हाय, नि ही माणसं खड्ड्यात टँकर ओततात!" त्या तलावाची राखण सुकाकडे आली. तो त्याला शेवटपर्यंत हौद म्हणत राहिला. सकाळी जाळीने पाने काढावीत, पंप बघावा, पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी पाण्यात सोडावी. इथे कोणी शिव्या देत नव्हते. त्याची बायको नवसी म्हणे, "अकरा वर्सं लोकांच्या शिव्या खाल्ल्यास. आता पाणी हुंगायचा पगार मिळतो. हुंग बाबा, पोटभर हुंग."

हे सुख १९६८ च्या एप्रिलपर्यंत टिकले.

एप्रिलमध्ये पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले. हॉलिस नावाच्या इंजिनिअरच्या दोन मुली तर गुंजेसारखे लाल डोळे घेऊन घरी गेल्या आणि त्यांची आई तडक देखभालीच्या कचेरीत आली. ती इंग्रजीत बोलत होती आणि दवाखान्यातली परिचारिका चंद्रकांता ते मराठीत सांगत होती. क्लोरीन फार होतो आहे, वासाने डोके दुखते, असे बाईंचे म्हणणे.

कचेरीचे प्रमुख चुरी साहेब केळव्याचे. माणूस वाईट नव्हता. पण निर्णय टाळण्याच्या कामी त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. त्यांनी पावडर निम्मी करण्याचा हुकूम दिला. आठ दिवसांत वास दुप्पट झाला.

"साहेब, कमी केली म्हणून वाढला," सुका म्हणाला. "विहिरीत पालापाचोळा कुजला नि पावडर अपुरी पडली, की असाच वास मारतो. पुरती टाकली की जातो. हा वास औषधाचा नाय, मेलेल्या औषधाचा हाय."

"औषध मरतं का रे? तुमच्या पाड्यावर मरत असेल," चुरी साहेब म्हणाले. "ही नोंदवही बघ. रोज सकाळी आठला तपासणी, रोज पाणी उत्तम."

नोंदवही खोटे बोलत नव्हती. नियमाप्रमाणे पावडर सातला पडे आणि पाणी आठला तपासले जाई. माणसे मात्र चारला पोहायला येत. ज्या वेळी पाण्यात कोणीच नसे, त्या वेळचे पाणी खरोखरच उत्तम होते. पाच वाजता कोठाराला कुलूप लागे, म्हणून पावडर सकाळीच टाकायची; आणि कुलूप पाचला का लागते, असे विचारण्याची पद्धत कोणत्याही कचेरीत नसते.

अखेर कागद निघाला. शनिवार, सत्तावीस एप्रिलपर्यंत तक्रार थांबली नाही, तर तलाव रिकामा करावा. एकदा रिकामा केला की पाऊस लागेपर्यंत त्यासाठी टँकर मिळणार नव्हता. तलावच नाही म्हटल्यावर राखणदार कशाला? सुकाला सोमवारपासून खडीच्या टोळीत पाठवण्याची चिठ्ठीही तयार करून त्याच्या हाती ठेवण्यात आली. सरकारी कामातली एवढी तत्परता एरवी कधी पाहायला मिळत नाही.

सुकाने चिठ्ठी घडी करून कपांच्या पेटीत ठेवली. नवसीला काही सांगितले नाही.

त्याच आठवड्यात हॉलिसबाईंनी आपल्या देशाहून विमानाने येणाऱ्या कोणाबरोबर तरी मागवलेले दोन डबे येऊन पोचले. आत बत्ताशाएवढ्या पांढऱ्या गोळ्या होत्या. हे ब्रोमीन, क्लोरीनचेच भावंड, पण स्वभावाने मऊ, असे बाईंनी सांगितले. गोळ्या भोकांच्या डब्यात घालून पाण्यात टांगायच्या. सुकाने तसे केले. दुसऱ्या दिवशी त्याने पाणी हुंगले, तोंडावर मारले, डोळे उघडे ठेवून त्यात बुडी घेतली आणि वर येऊन निवाडा दिला, "बाईंची गोळी चांगली हाय." ज्या गोळीपायी आपली पावडर जाणार होती, तिच्याविषयी असे बोलायला जो सरळपणा लागतो, तो कचेरीत कोणाकडे होता, हे सांगणे कठीण आहे.

मुलींचे डोळे निवळले. पण सुका दर दोन तासांनी आपले कप भरत होता. सकाळी आठला कप निळा, बाराला फिका, तीनला पांढरा. गोळ्यांनाही ऊन खात होते. पुन्हा पुन्हा टाकाव्या लागल्या आणि गुरुवारी दुसरा डबा तळाला आला. नवे डबे बोटीने यायला तीन महिने.

गुरुवारी दुपारी तलावाच्या काठावर बैठक भरली. ब्रोमीन की क्लोरीन? हॉलिसबाई म्हणाल्या, क्लोरीन परत आला तर मुलींना पाण्यात उतरू देणार नाही. चुरी साहेब म्हणाले, ब्रोमीन संपत आला आहे. मग साहेबांना तोडगा सुचला. "दोघांचंही राहील. उरलेल्या गोळ्या निम्म्या, आपली पावडर निम्मी. एकाच बादलीत कालव, सुका."

सुकाने बादली उचलली नाही. "बाई," तो चंद्रकांताला म्हणाला, "डब्यावर काय लिवलंय ते एकदा वाचा."

चंद्रकांताने वाचले आणि तिचा चेहरा उतरला. "क्लोरीनच्या पावडरीशी मिसळू नये. पेट घेईल."

चुरी साहेब दोन पावले मागे सरकले. सुका मात्र हसला. "म्हंजे सवती झाल्या. एका घरात नांदतील, एका चुलीवर नाय."

चंद्रकांताने ते हॉलिसबाईंना सांगितले. बाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, ह्यालाच विचारा.

आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी सुकाला विचारत होते. त्याने पेटी उघडली, काठावर तीन कप मांडले. "हे पाणी आठचं, हे बाराचं, हे आताचं." आठचे आणि बाराचे पाणी त्याने काढल्या वेळीच थेंब टाकून झाकून ठेवले होते. आता त्याने तिसऱ्या कपात थेंब टाकले. पहिला निळा, दुसरा फिका, तिसरा पांढरा. "गोळी असो, पावडर असो, ऊन दोघांना खातं. माझ्या पाड्यांवर एक म्हातारी होती, बुधी. ती बोलायची, दिवसा नको टाकू रे, सैपाकाला वास येतो, कातरवेळेला टाक. मी टाकली. सकाळी बघतो तर कप निळा! रातभर कोणी उपसत नाय, ऊन नाय, औषध निवांत काम करतं. सांजेला पोटभर, तीनला घोटभर. आणि तपासायचं चारला, माणसं पाण्यात उतरायच्या आधी."

"कोठार पाचला बंद होतं," चुरी साहेबांनी शेवटचा बुरूज लढवला.

"साडेचारला पावडर काढून द्या, साहेब. बादलीत चुना बसायला वेळ लागतोच."

साहेबांनी साडेचारची वेळ लिहून घेतली.

शेवटच्या गोळ्या त्याच दुपारी विरघळून गेल्या. भोकांचा डबा रिकामा होऊन वर आला आणि पोहणारे घरी गेल्यावर, तिन्हीसांजेला, सुकाने पावडरीची पुरी निवळ पाण्यात सोडली. शुक्रवारीही तेच. शनिवारी तीनला त्याने थोडी निवळ ओतली आणि चारला काठावर बसून कप भरला. चुरी साहेब उभे होते, हॉलिसबाई उभ्या होत्या, मुली टॉवेल गुंडाळून थांबल्या होत्या. तीन थेंब पडले. पाणी क्षणभर तसेच राहिले, मग तळापासून निळे होत आले.

मुलींनी उड्या मारल्या. तासाभराने त्या बाहेर आल्या तेव्हा चंद्रकांताने त्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या. डोळे पांढरे स्वच्छ.

पण एक गोष्ट सुकाच्या नाकाला पटेना. पावडर टाकूनही पाण्याला वास गोळीचाच येत होता, तोच मऊ. त्याने ते बोलून दाखवले. मुलींना न्यायला आलेल्या हॉलिस साहेबांनी समजावले की गोळीचे मीठ पाण्यातच राहते. वरून क्लोरीन पडला की ते पुन्हा जागे होते आणि पुन्हा ब्रोमीन बनते. पाणी बदलले नाही तर ते पुष्कळ दिवस पुरेल. हॉलिसबाई म्हणाल्या, शेवटी ब्रोमीनच जिंकला. चुरी साहेब म्हणाले, शेवटी पावडरच लागली. त्यांनी वर पाठवलेल्या अहवालात ह्या पद्धतीला 'संयुक्त पद्धती' असे भारदस्त नाव दिले आणि ती 'खाली सही करणाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली' सिद्ध झाल्याचे नमूद केले. सुका धोडी हे नाव त्यात नव्हते. बुधीचे असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

चंद्रकांताने अहवाल वाचून दाखवला तेव्हा तिलाच राग आला. सुका म्हणाला, "बाई, हौद रिकामा केला का?"

"नाही."

"मंग झालं."

सोमवारी सकाळी चुरी साहेबांनी खडीच्या टोळीची चिठ्ठी परत मागितली. दप्तरी लावायची होती. सुकाने सांगितले, सापडत नाही. उभ्या नोकरीत तो एवढेच काय ते खोटे बोलला. चिठ्ठी पेटीतच होती. टवका उडालेला कप कधीपासून आपल्या खोबणीत खुळखुळत असे. सुकाने चिठ्ठीची चौपदरी घडी करून त्याच्याखाली बसवली होती. आता पेटी घेऊन काठाने चालले तरी आवाज येत नसे.